सर्दीची गोळी घेतली आणि लघवी तुंबली

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. १४ वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी शुगरची गोळी, बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि मेटोप्रोलॉल ५०. रात्री जेवणानंतर प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन ०.४ आणि तळपायांच्या जळजळीसाठी ॲमिट्रिप्टिलिन १०, असं चालू आहे. मागच्या आठवड्यात सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली. दिवसातून तीनदा अशी तीन दिवस घेतली. तिसऱ्या दिवशी ओटीपोटात दुखायला लागलं, म्हणून घरात पडलेली पोटदुखीची गोळीही दिली. त्या रात्री लघवी पूर्ण बंद झाली. पहाटे दवाखान्यात नळी घातली तेव्हा ९०० मिलिलिटर निघाली. नळी अजून आहे, परवा काढून बघणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "ऑटोनॉमिक नर्व्हजवर औषधांचा परिणाम झालाय." महिनाभर त्यांना रात्री उठल्यावर चक्करही येते, एकदा बाथरूमच्या दारात पडले. दीर म्हणतात, बीपीची आणि प्रोस्टेटची गोळी काही दिवस बंदच ठेवू. ठेवावी का? आणि पुन्हा सर्दी झाली तर द्यायचं काय? दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशनही ठरलंय. — एक वाचक, सांगली

उत्तर : दिरांना आजच सांगा, मेटोप्रोलॉल एकदम बंद करायचं नाही. हे औषध हृदयावरचे बीटा ग्राहक अडवून ठेवतं. ग्राहक म्हणजे पेशीवरची ती जागा, जिथे मज्जातंतूचं रसायन येऊन चिकटतं. महिनोन्‌महिने ग्राहक अडलेले राहिले की शरीर त्यांची संख्या आणि संवेदनशीलता वाढवून ठेवतं. गोळी अचानक थांबली की तेच रसायन, म्हणजे नॉरॲड्रेनॅलिन, एकाच वेळी जास्त ग्राहकांवर पडतं. नाडी आणि बीपी उसळतात, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद असतील तर छातीत दुखण्यापासून झटक्यापर्यंत काहीही होऊ शकतं. १४ वर्षांच्या मधुमेहात त्या अरुंद नाहीत असं कोणी गृहीत धरू नये. बंद करायचंच ठरलं तर डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने, साधारण एक ते दोन आठवड्यांत उतरवतात.

टॅम्सुलोसिन बंद करणं तर आत्ता सगळ्यात उलटं पाऊल ठरेल. परवा नळी काढल्यावर लघवी सुटायला मदत करणारी तीच एक गोळी आहे. बंद करायच्या त्या दोन, सर्दीची आणि पोटदुखीची, ज्यांना घरात कोणी औषध म्हणून मोजतच नाही. तिसऱ्या गोळीबद्दल, म्हणजे ॲमिट्रिप्टिलिनबद्दल, नळी काढायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं आहे. का, ते पुढे येईल.

डॉक्टर ज्याला ऑटोनॉमिक म्हणाले ती स्वायत्त चेतासंस्था. नाडी, रक्तदाब, घाम, लाळ, आतड्यांची हालचाल, डोळ्याची बाहुली आणि मूत्राशय ही कामं ती आपल्याला न विचारता चालवते. तिच्या दोन फळ्या आहेत. सिंपथेटिक फळी धावपळीची, तिचं मुख्य रसायन नॉरॲड्रेनॅलिन. पॅरासिंपथेटिक फळी आराम, पचन आणि उत्सर्जनाची, तिचं रसायन ॲसिटिलकोलिन. या रसायनांचे ग्राहक अंगभर विखुरलेले असतात, आणि गोळी रक्तातून अंगभर फिरते. नाकासाठी घेतलेल्या गोळीला नाकापाशीच थांबता येत नाही.

मूत्राशयाचं काम बघा. लघवी भरत असताना सिंपथेटिक फळी मूत्राशयाचं तोंड आणि प्रोस्टेटमधला स्नायू आवळून धरते. हे अल्फा-१ ग्राहकांमार्फत होतं. लघवी करताना पॅरासिंपथेटिक फळी ॲसिटिलकोलिन सोडते, मूत्राशयाची भिंत आकुंचते आणि तोंड ढिलं पडतं. म्हणजे दोन गोष्टी जुळाव्या लागतात : भिंतीत जोर, तोंडाला ढिलाई. सासऱ्यांच्या प्रोस्टेटमुळे तोंड आधीच अरुंद आहे. ते ढिलं करायला टॅम्सुलोसिन आहे. ते अल्फा-१ ग्राहक अडवतं. भिंतीचा जोर मात्र त्यांचा स्वतःचाच आहे, आणि लांबलेल्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा मंदावल्यामुळे तोही पूर्वीइतका राहत नाही. मूत्राशय भरल्याची जाणीवसुद्धा उशिरा होते. गाडं काठावर चाललेलं होतं.

आता सर्दीची गोळी. आपल्याकडच्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन असतं. कशात वर कॅफिनही. क्लोरफेनिरामिन ॲलर्जीचं जुनं औषध आहे. वाहतं नाक ते सुकवतं ते बरंचसं ॲसिटिलकोलिनला अडवून. नाक सुकवण्याची जी क्रिया, तीच मूत्राशयाच्या भिंतीचा जोर काढून घेते. हा त्याचा 'साइड इफेक्ट' म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. परिणाम एकच आहे, फक्त जागा दुसरी. शिवाय ते शरीरातून सावकाश जातं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला २० तासांच्या आसपास लागतात, वयस्करांत त्याहून जास्त. दिवसातून तीनदा घेतल्यावर आदल्या गोळीचा बराच भाग शिल्लक असतानाच पुढची जाते. म्हणून त्रास पहिल्या गोळीला झाला नाही, तिसऱ्या दिवशी झाला.

फेनिलेफ्रिन अल्फा-१ ग्राहकांना चालना देतं, म्हणजे टॅम्सुलोसिनच्या नेमकं उलट. तत्त्वतः ते मूत्राशयाचं तोंड आवळतं आणि प्रोस्टेटच्या रुग्णांसाठीचा इशारा त्याच्यासोबत असतोच. पण तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन आतड्यात आणि यकृतात इतकं मोडतं की रक्तात थोडंच पोचतं. अमेरिकेच्या औषध नियामकांच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं की या डोसला ते चोंदलेलं नाकही मोकळं करत नाही. तेव्हा तुमच्या घरातला मुख्य दोषी क्लोरफेनिरामिन. फेनिलेफ्रिनचा हात असलाच तर छोटा. ज्या गोळीत त्याच्याऐवजी स्यूडोएफेड्रिन असतं ती मात्र खरोखर तोंड आवळते.

पोटदुखीच्या गोळीचं नाव तुम्ही दिलेलं नाही. आपल्याकडे घराघरांत असते ती बहुधा डायसायक्लोमिन आणि मेफेनामिक ॲसिडची. डायसायक्लोमिन आतड्याचे पेटके सोडवतं तेही ॲसिटिलकोलिन अडवूनच. इथे एक गोष्ट लक्षात घ्या : तिसऱ्या दिवशी ओटीपोटात जे दुखत होतं ते बहुतेक आतडं नव्हतंच, तुंबत आलेलं मूत्राशय होतं. दुखणं मूत्राशयाचं आणि त्यावर दिली मूत्राशय आणखी ढिलं पाडणारी गोळी. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषाच्या बेंबीखाली दुखायला लागलं की पहिला प्रश्न 'शेवटची लघवी कधी आणि किती झाली?' हाच विचारायचा. थेंबथेंब होत असेल, आणि बेंबीखाली हात ठेवल्यावर घट्ट, दुखरा फुगा लागत असेल, तर कुठलीही गोळी न देता दवाखाना गाठायचा. जाता जाता, मेफेनामिक ॲसिडसारखी वेदनाशामकं मधुमेह आणि टेल्मिसार्टन असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर ताण आणतात, त्या कारणानेही ही गोळी त्यांच्यासाठी घरात नको.

आणि ॲमिट्रिप्टिलिन. १० मिलिग्रॅम हा लहान डोस आहे, जळजळीवर तो चांगलं काम करतो, आणि एकट्याने कदाचित त्याने काही बिघडवलंही नसतं. पण ॲसिटिलकोलिन अडवणाऱ्या जुन्या औषधांत त्याचा नंबर बराच वर लागतो. क्लोरफेनिरामिन, डायसायक्लोमिन आणि हे, अशी एकाच जागी घाव घालणारी तीन औषधं तीन वेगळ्या तक्रारींसाठी पोटात गेली. कागदावर ती नाकाची, पोटाची आणि पायाची होती. मूत्राशयाच्या हिशेबात तिन्ही एकच. हा हिशेब घरात कोणी मांडत नाही, आणि खरं सांगायचं तर घाईच्या ओपीडीतही नेहमी मांडला जात नाही.

अशा औषधांचा भार वाढला की खुणा ठरलेल्या असतात : तोंडाला कोरड, खडा होऊन अडकलेलं शौच, जवळचं धूसर दिसणं, धडधड, लघवीला जोर करावा लागणं, आणि म्हाताऱ्या माणसांत रात्रीचं असंबद्ध बोलणं. धोतऱ्याचं बी पोटात गेलेल्या माणसाची जी अवस्था होते तीच ही, सौम्य रूपात. धोतऱ्यातलं ॲट्रोपिन आणि हायोसिन हेच करतात. सर्दीच्या गोळ्या चालू असताना सासरे रात्री काहीबाही बोलले असतील तर ते वयावर ढकलू नका, डॉक्टरांना सांगा.

परवासाठी काय करायचं ते आता. आज-उद्यातच डॉक्टरांना विचारा : ॲमिट्रिप्टिलिन थांबवायचं का, आणि जळजळीसाठी दुसरं काय? प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन हे पर्याय ॲसिटिलकोलिनला हात लावत नाहीत, पण त्यांनीही झापड आणि चक्कर येते, आणि मूत्रपिंडाच्या रिपोर्टनुसार डोस कमी ठेवावा लागतो. म्हणजे फुकट काहीच मिळत नाही. निवड डॉक्टरांनीच करायची. दुसरं, शौच साफ होतंय ना ते बघा. भरलेलं मलाशय मूत्राशयाच्या तोंडावर दाबतं आणि नळी काढल्यावर पुन्हा लघवी अडण्याचं ते एक अगदी साधं कारण असतं. कोरडा खडा असेल तर लॅक्ट्युलोजसारखं सारक डॉक्टरांना विचारून आजपासूनच सुरू करा, परवा सकाळी नव्हे.

९०० मिलिलिटर हे बरंच मोठं प्रमाण आहे. एरवी ४०० ते ५०० ला माणूस अस्वस्थ होतो. इतकी ताणलेली भिंत पूर्ववत व्हायला काही दिवस लागतात, म्हणूनच डॉक्टरांनी नळी लगेच काढली नाही. काढल्यावर नेहमीसारखं पाणी प्यायला द्या. 'लघवी यावी' म्हणून लिटरभर पाणी पाजू नका. अजून दमलेल्या मूत्राशयात ते नुसतं साठतं. मापाचं भांडं बाथरूममध्ये ठेवा, वेळ आणि मिलिलिटर लिहा. चार ते सहा तासांत लघवी झाली नाही, किंवा दरवेळी ५०-१०० च होऊन पोट जड राहिलं, तर रात्र होण्याची वाट न बघता परत जा. झाल्यानंतर आत किती उरली हे सोनोग्राफीत दोन मिनिटांत कळतं. ते मोजून घ्यायला सांगा. ताप किंवा थंडी वाजली तर लगेच कळवा. पहिल्या खेपेला लघवी झाली नाही तर नळी पुन्हा घालून काही दिवसांनी परत प्रयत्न करतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

चक्करेचं प्रकरण वेगळं आहे, पण संस्था तीच. माणूस उभा राहिला की अर्धा लिटर ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. सिंपथेटिक फळी काही सेकंदांत रक्तवाहिन्या आवळून आणि नाडी वाढवून ते सावरते. सासऱ्यांच्या बाबतीत वाहिन्या आवळणारे अल्फा-१ ग्राहक टॅम्सुलोसिन काही प्रमाणात अडवतं (ते मुख्यतः प्रोस्टेटवर काम करतं, पण पूर्णपणे नाही), ॲमिट्रिप्टिलिनही अडवतं, नाडीची वाढ मेटोप्रोलॉल रोखतं, टेल्मिसार्टनने बीपी मुळात खाली आहे आणि मधुमेहाने त्या नसा स्वतःच अधू झाल्या असू शकतात. त्यात वेळही जुळून येते. जेवणानंतर घेतलेलं टॅम्सुलोसिन रक्तात सर्वांत जास्त असतं ते सहा-सात तासांनी. साडेआठला घेतलं तर पहाटे तीनच्या सुमारास, म्हणजे नेमकं लघवीला उठायच्या वेळी.

आधी मोजून घ्या. अंदाजावर कुठलीच गोळी हलवू नका. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्या. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी आणि नाडी लिहा. मग उभं करा, एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. शेजारी कोणीतरी उभं राहा आणि मागे पलंग असू द्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहिल्यावर बीपी पडतं हे नक्की झालं. असं सकाळी गोळ्यांच्या आधी, जेवणानंतर तासाभराने आणि रात्री उठतील तेव्हा, तीन दिवस करा. बीपी पडूनही नाडी वाढत नसेल तर एरवी तो नसांच्या दुखण्याचा पुरावा धरतात. पण मेटोप्रोलॉल चालू असताना तसा निष्कर्ष काढू नका, ते नाडी वाढूच देत नाही. हा कागद घेऊन गेलात तर डॉक्टरांना ठरवता येईल की टॅम्सुलोसिन सकाळच्या जेवणानंतर न्यायचं, बीपीचा डोस कमी करायचा की ॲमिट्रिप्टिलिन काढल्यावरच भागतंय. टॅम्सुलोसिन उपाशीपोटी मात्र देऊ नका. रक्तातलं प्रमाण जास्त चढतं आणि चक्कर वाढते. कॅप्सूल फोडून किंवा चघळूनही घ्यायची नसते.

तोवर रात्री पलंगाच्या काठावर दोन-तीन मिनिटं बसायचं, पोटऱ्या आवळायच्या-सोडायच्या, मग उठायचं. नळी निघाल्यावरही लघवी रात्री बसूनच करायची, उभं राहून नाही. वाटेत दिवा हवा, बाथरूमला आतून कडी नको. कडकडीत पाण्याची लांबलचक आंघोळ टाळायची, उष्णतेने वाहिन्या पसरतात. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा ठोकळे घालून ती बाजू १५ सेंटिमीटरभर उंच केली तर पहाटेची पडझड कमी होते. नुसत्या उशा वाढवून ते होत नाही, मान तेवढी आखडते.

रात्रीच्या चक्करेत शुगर तपासायला विसरू नका. शुगर उतरल्याची हातांची थरथर आणि धडधड मेटोप्रोलॉल लपवून ठेवतं. घाम मात्र लपत नाही, कारण घामाच्या ग्रंथींना ॲसिटिलकोलिन हुकूम देतं. ओलाचिंब घाम दिसला की ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी.

आता पुढच्या सर्दीचं. मिठाच्या पाण्याचे म्हणजे सलाईनचे नाकात टाकायचे थेंब, दिवसातून चार-पाच वेळा. अंग दुखत असेल किंवा ताप असेल तर नुसतं पॅरासिटामॉल ५००, सहा-सहा तासांच्या अंतराने. यकृत ठीक असेल तर ते पुरेसं सुरक्षित आहे. शिंका ॲलर्जीच्या असतील तर डॉक्टरांना फेक्सोफेनाडिनबद्दल विचारा. ते ॲसिटिलकोलिनला जवळजवळ धक्का लावत नाही. ज्या साध्या सर्दीला व्हायरस कारण आहे तिच्यात त्याचा फारसा उपयोग नाही, म्हणून उगीच देऊ नका. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब अल्फा ग्राहकांवरच चालतात. नळी नुकतीच निघालेली असताना ते नकोत, आणि एरवीही तीन दिवसांपलीकडे नाहीत. सवय लागली की थेंबांवाचून नाक उघडतच नाही. आयुर्वेदिक आहे म्हणून निर्धास्त राहू नका : दम-खोकल्याच्या काही गोळ्यांत सोमलता, म्हणजे एफेड्रा असतं, आणि त्यातलं एफेड्रिन मूत्राशयाचं तोंड आवळतं, बीपीही चढवतं.

मेडिकलमध्ये ब्रँडचं नाव सांगून गोळी आणू नका. ब्रँड तोच राहून आतले घटक निराळे असलेले प्रकार विकले जातात. स्ट्रिप कापून दोन-चार गोळ्या दिल्या तर घटकांची ओळ बहुधा दुकानातच राहते, तेव्हा पूर्ण स्ट्रिप मागा किंवा तिचा फोटो काढून घ्या. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन, डायसायक्लोमिन, हायोसिन, फेनिलेफ्रिन, स्यूडोएफेड्रिन यांतलं एकही नाव असेल तर ती त्यांच्यासाठी नाही. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घेतात त्या गोळ्या आणि झोप आणणारी खोकल्याची औषधं बऱ्याचदा याच यादीतली निघतात. वारंवार लघवी होते म्हणून कोणी ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन किंवा सोलिफेनासिन (हीही ॲसिटिलकोलिन अडवणारीच) लिहून दिलं तर या वेळच्या प्रसंगाची चिठ्ठी आधी दाखवा.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना टॅम्सुलोसिन चालू असल्याचं स्पष्ट शब्दांत सांगा, त्यांनी विचारण्याची वाट बघू नका. बाहुली पसरवणारा स्नायूही अल्फा-१ ग्राहकांवर चालतो. या औषधाने बुबुळाचा पडदा लुळा पडतो, ऑपरेशनच्या मधेच फडफडतो आणि बाहुली आक्रसते. २००५ मध्ये हे पहिल्यांदा नोंदवलं गेलं. आधी काही दिवस गोळी बंद ठेवून ते टळेलच असं नाही, त्यामुळे त्यासाठी ती थांबवून पुन्हा लघवी तुंबवून घेण्यात अर्थ नाही. सर्जनला आधी ठाऊक असलं की तो त्या तयारीने बसतो. पुढे डोळ्यातला दाब वाढला म्हणून टिमोलॉलचे थेंब लिहून दिले, तर मेटोप्रोलॉल चालू आहे हेही सांगा. टिमोलॉलही बीटा ग्राहकच अडवतं, आणि डोळ्यातून नाकात उतरून रक्तात शोषलं जातं, त्यामुळे नाडी फार मंदावू शकते. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरला की आत जाणारं प्रमाण कमी होतं.